कावळा, फांदी आणि फॉरमॅट

नवी ऑपरेटिंग सिस्टिम टाकल्यावर लॅपटॉप मधेच बंद पडू लागला, की खापर त्या सिस्टिमवरच फुटते. १४ ऑक्टोबर २०२५ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १०चा नियमित सपोर्ट थांबवला. त्याच्या आगेमागे पाच-सात वर्षे वापरातले लॅपटॉप विंडोज ११वर नेले गेले आणि दुरुस्तीच्या दुकानांत ‘कालपर्यंत छान चालत होता’ हे वाक्य रोजचे झाले. वाक्य बहुधा खरे असते. त्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडावी, तसा असू शकतो. फांदी कावळ्याच्या भाराने मोडली की आतून आधीच किडलेली होती, हे झाडाजवळ जाऊनच पाहावे लागते.

‘बंद पडतो’ या दोन शब्दांत निदान चार वेगळे बिघाड दडलेले असतात. एकात पडद्यावर संदेश आणि कोड झळकतो आणि मशीन आपोआप रिस्टार्ट होते. हाच तो निळा पडदा. २०२५मधल्या एका अपडेटनंतर विंडोज ११मध्ये तो काळा झाला, पण दुकानात त्याचे नाव अजून निळाच आहे. दुसऱ्यात चित्र जागच्या जागी गोठते, माउस हलत नाही, गाणे चालू असेल तर एकच सूर घरघरत राहतो. तिसऱ्यात वीज गेल्यासारखे सगळे एकदम विझते. संदेश नाही, कोड नाही. चौथ्यात कंपनीचे चिन्ह येते, ठिपके गोल फिरतात आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू. गिऱ्हाईक या चारही गोष्टींना ‘हँग होतो’ म्हणते.

पहिल्या प्रकारात ब्रेक विंडोजने स्वतः मारलेला असतो. गाभ्यात काहीतरी भलतेच घडल्याचे तिला कळते. तसेच पुढे गेले तर फायलींची नासाडी होईल, म्हणून ती थांबते. तिसऱ्या प्रकारात तिला थांबायलाही सवड मिळालेली नसते. तिथे संशय आधी उष्णतेवर, मग बॅटरी, चार्जर आणि मदरबोर्डवर जायला हवा. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये अशा वेळी ‘केर्नल-पॉवर ४१’ अशी लाल नोंद सापडते आणि पुष्कळजण तिलाच रोग समजतात. ती नोंद एवढेच सांगते, की मागच्या वेळी मशीन रीतसर बंद झाले नव्हते. तिच्या तपशिलात बगचेक कोड शून्य असेल, तर निळ्या पडद्याची नोंदच झालेली नाही आणि शोध विजेकडे व उष्णतेकडे वळवावा.

इलाजाबाबत दुकानदारीत दोन पंथ आहेत. एक म्हणतो, फॉरमॅट मारा आणि मोकळे व्हा. दुसरा म्हणतो, आधी मशीन काय सांगते ते वाचा. तालुक्याच्या गावातले एखादे दुकान आणि त्यातले दोन कारागीर नजरेसमोर आणले, की दोन्ही बाजू नीट दिसतात. थोरल्याने सीडीवरून विंडोज ९८ टाकलेली आहे. धाकटा दोन वर्षांपासून हाताखाली आहे. टेबलावर आठव्या पिढीच्या इंटेल प्रोसेसरचा लॅपटॉप आहे. विंडोज ११साठी इंटेलच्या बाबतीत साधारण तिथपासूनची मशीने चालतात, म्हणजे नियमाने हा पात्र. आठवड्याभरात तो दोनदा फॉरमॅट झाला आहे आणि तिसऱ्यांदा परत आला आहे.

थोरला : परत मार. या वेळी पेनड्राइव्ह दुसरा घे. मागचा मला धड वाटत नाही.

धाकटा : दादा, दोनदा मारून तेच झालं. तिसऱ्यांदा काय वेगळं होणार?

थोरला : फॉरमॅटला तास-दीड तास. तुझ्या तपासाला दोन दिवस. गिऱ्हाइकाला संध्याकाळी मशीन पाहिजे, तुझा अहवाल नको.

हे केवळ आळसाचे बोलणे नव्हे. चालू विंडोज १०वरच विंडोज ११ चढवली, तर जुने ड्रायव्हर, मुदत संपलेला अँटिव्हायरस, कधीतरी अर्धवट काढलेली सॉफ्टवेअर असे सगळे सामान नव्या घरात येते. कोऱ्या डिस्कवर केलेली मांडणी हा गाळ एका झटक्यात काढते. पेनड्राइव्हबद्दलचा संशयही रास्त आहे. कुणाकडून तरी मिळालेली, ‘अ‍ॅक्टिव्हेट करून दिलेली’ प्रत असेल, तर तिच्यात कुणी काय घातले आणि काय काढले याचा पत्ता नसतो. तशी प्रत वापरायची गरजही नसते. विंडोज ११ मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावरून फुकट उतरवता येते आणि मशीनवर आधीची विंडोज १० अधिकृत असेल, तर डिजिटल परवाना मदरबोर्डवरून ओळखला जाऊन नवी सिस्टिम इंटरनेट मिळताच स्वतःच अ‍ॅक्टिव्हेट होते.

धाकटा : मान्य. पण प्रत्येक फॉरमॅटबरोबर पुरावा पुसला जातो ना! सी ड्राइव्हच्या विंडोज फोल्डरात मिनीडंप म्हणून फोल्डर असतो. निळा पडदा आला की तिथं एक छोटी फाइल पडते. पहिल्या दोन वेळच्या फायली आपणच उडवल्या.

थोरला : फायली वाचून मशीन चालू होत नाही.

धाकटा : न वाचता तरी कुठं झालं? आणि काही बिघाड असे असतात, की दहा वेळा फॉरमॅट मारला तरी जाणार नाहीत.

अशा बिघाडाचे अलीकडचे ठळक उदाहरण ऑक्टोबर २०२४मधले. विंडोज ११चे २४एच२ हे अपडेट आल्यावर वेस्टर्न डिजिटलच्या एसएन७७० आणि एसएन५८० या २ टेराबाइटच्या काही एसएसडी असलेली मशीने वारंवार निळा पडदा दाखवू लागली. या एसएसडींमध्ये स्वतःची वेगळी मेमरी नसते. त्या लॅपटॉपच्या रॅममधला थोडा तुकडा उसना घेतात. आधीच्या विंडोजमध्ये हा तुकडा ६४ मेगाबाइटचा असे, नव्या अपडेटमध्ये तो २०० मेगाबाइटपर्यंत जाऊ लागला आणि एसएसडीच्या आतल्या फर्मवेअरला तो पेलला नाही. कंपनीने फर्मवेअर दुरुस्त करून दिल्यावर प्रश्न मिटला. इथे खरोखर कावळ्याच्या भारानेच फांदी मोडली, पण फांदीही कच्ची होती. विंडोज कितीही वेळा नव्याने टाकली असती, तरी एसएसडीतले फर्मवेअर जसेच्या तसे राहिले असते.

धाकट्याचा दुसरा दाखला आणखी मोठा. १९ जुलै २०२४ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीने पाठवलेल्या एका सदोष फायलीमुळे जगभरची सुमारे ८५ लाख विंडोज मशीने पडली. विमानतळ आणि रुग्णालयेही अडली. त्यावरचा हाताने करायचा इलाज म्हणजे सेफ मोडमध्ये जाऊन एक फाइल काढणे. फॉरमॅटनेही मशीन चालू झाले असते, फक्त त्यातला सगळा डेटा गेला असता.

एका फायलीने अख्खे मशीन का पडते? साधे अ‍ॅप कोसळले, तर विंडोज त्याची खिडकी बंद करून पुढे चालू लागते. ड्रायव्हरचे तसे नाही. ग्राफिक्स, वायफाय, साठवण यांचे बहुतेक ड्रायव्हर आणि अँटिव्हायरसचा काही भाग सिस्टिमच्या गाभ्यात, म्हणजे केर्नलमध्ये बसतात. देवघरात शिरलेल्याने समई उलटवली तर घरच पेटते. म्हणून नव्या सिस्टिमनंतरच्या बिघाडात ड्रायव्हर हा पहिला संशयित. त्याला जुना आधारही आहे. २००७मध्ये विंडोज व्हिस्टा आली, तेव्हा लोकांनी मायक्रोसॉफ्टला शिव्या घातल्या. पुढे अमेरिकेतल्या एका खटल्यात कंपनीची अंतर्गत कागदपत्रे उघड झाली. त्यांतल्या आकडेवारीत नोंदलेल्या बिघाडांपैकी सुमारे २९ टक्के एनव्हिडियाच्या ड्रायव्हरांच्या नावावर होते आणि मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या नावावर सुमारे १८ टक्के. अर्थात १८ टक्के म्हणजे काही थोडे नव्हेत.

म्हणून धाकट्याचा क्रम असा : सेफ मोडमध्ये मशीन चालवायचे. तिथे फक्त मोजके ड्रायव्हर चालू असतात. तासन्तास चालवूनही तिथे मशीन पडले नाही, तर दोष एखाद्या ड्रायव्हरात किंवा सॉफ्टवेअरमध्ये असण्याचा संभव वाढतो. मग ग्राफिक्स आणि वायफायचे ड्रायव्हर लॅपटॉपच्या कंपनीच्या संकेतस्थळावरून, नेमक्या मॉडेलचे घ्यायचे. विंडोज अपडेटने परस्पर नवा ड्रायव्हर चढवला असेल, तर डिव्हाइस मॅनेजरमधून आधीच्यावर परत जायचे. ‘सगळे ड्रायव्हर एका क्लिकमध्ये’ असे सांगणारी सॉफ्टवेअर कटाक्षाने टाळायची. ती आजारापेक्षा भयंकर औषध ठरतात. जुन्या विंडोजवर चढवलेली नवी विंडोज रुचलीच नाही, तर पहिल्या १० दिवसांत सेटिंग्जमधल्या रिकव्हरीतून मागे फिरता येते, मात्र विंडोज-ओल्ड हा फोल्डर जागा मोकळी करण्याच्या नादात उडवलेला नसावा.

धाकटा : मी म्हणतो, बायोसही अपडेट करून घेऊ.

थोरला : हात लावू नकोस. आधी बिटलॉकर चालू आहे का ते बघ.

इथे अनुभव कामाला येतो. विंडोज ११च्या अलीकडच्या मांडणीत मायक्रोसॉफ्ट खात्याने साइन-इन केले, की पुष्कळ लॅपटॉपांची डिस्क मालकाच्या नकळत कुलूपबंद होते. मग बायोसमध्ये बदल झाला, की सुरू होताना मशीन ४८ अंकी किल्ली मागते. ती किल्ली मालकाच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जमा असते. खात्याचा पासवर्डच आठवत नसेल, तर लग्नाचे फोटो डिस्कवर असूनही गेल्यात जमा. बायोसला हात लावण्याआधी बिटलॉकर तात्पुरता थांबवावा, किल्ली लिहून घ्यावी, चार्जर लावलेला ठेवावा. बायोसमधली साठवणीची पद्धत, म्हणजे एएचसीआय, रेड किंवा नव्या इंटेल मशीनांतली व्हीएमडी, हीदेखील सिस्टिम टाकल्यानंतर सहज म्हणून बदलू नये. बदलली, की विंडोजला स्वतःचीच डिस्क सापडत नाही आणि ‘इनअ‍ॅक्सेसिबल बूट डिव्हाइस’ असा कोड येतो. त्यावर उपाय फॉरमॅट नव्हे. बदललेली सेटिंग पूर्ववत करणे हा आहे.

आता टेबलावरच्या मशीनकडे. दुसऱ्या फॉरमॅटनंतरच्या तीन दिवसांत चार डंप जमले होते. धाकट्याने ते उघडले.

धाकटा : चारही ठिकाणी एकाच फायलीचं नाव आहे, दादा. एनटीओएस-केर्नल. म्हणजे विंडोजच खराब.

थोरला : आता तूच फसलास. ते नाव जवळजवळ सगळ्यांतच येतं. ज्याच्या दारात मढं सापडलं तोच खुनी, असं नसतं.

थोरल्याचे बरोबर आहे. एनटीओएस-केर्नल हा विंडोजचा गाभाच. घोटाळा लक्षात येतो तो बहुधा तिथेच. आधी कुणी मेमरीत घाण केली ते त्या नावावरून कळत नाही. एकट्या कोडवरही फार भिस्त ठेवता येत नाही. पण कोडांची मालिका बोलते. दर वेळी तोच कोड आणि त्यामागे तेच ड्रायव्हरचे नाव असेल, तर त्या ड्रायव्हरला धरावे. ‘व्हिडिओ टीडीआर’ आला तर ग्राफिक्सकडे पाहावे. ‘व्हीआ अनकरेक्टेबल एरर’मध्ये प्रोसेसर किंवा इतर हार्डवेअरनेच तक्रार केलेली असते. निळा पडदा येऊनही डंप एकही नसेल, तर डिस्क ऐन वेळी गायब होत असल्याची शंका घ्यावी, कारण लिहायला जागाच मिळालेली नसते. पडदा वाचण्याइतका टिकत नसेल, तर सिस्टिमच्या प्रगत सेटिंग्जमध्ये आपोआप रिस्टार्टची खूण काढून टाकावी.

या मशीनचे चार कोड होते : ‘मेमरी मॅनेजमेंट’, ‘आयआरक्यूएल नॉट लेस ऑर इक्वल’, ‘पेज फॉल्ट इन नॉनपेज्ड एरिया’ आणि ‘केर्नल सिक्युरिटी चेक फेल्युअर’. चार पडझडी, चार वेगळे कोड. एकदा ब्राउझर चालू असताना, एकदा फोटो कॉपी होताना, दोनदा काहीच चालू नसताना. थोरल्याने कागद पाहिला आणि मांडणीचा पेनड्राइव्ह ड्रॉवरमध्ये टाकला.

थोरला : हे रॅमचं लक्षण आहे.

धाकटा : पण विंडोजची मेमरी टेस्ट मी सकाळीच लावली होती. काही सापडलं नाही.

थोरला : ती वरवर बघते. मेमटेस्ट रात्रभर लाव. आणि गिऱ्हाइकाला फोन करून विचार, विंडोज टाकली त्या दिवशी आणखी काय काय केलं.

या शेवटच्या प्रश्नात अर्धे निदान होते. नवी सिस्टिम सहसा एकटी येत नाही. ‘टाकतोच आहोत तर वेगही वाढवू’ म्हणून त्याच दिवशी हार्ड डिस्क काढून एसएसडी बसते, रॅमची पट्टी वाढते, पंख्यातली धूळ झटकली जाते, कधी बॅटरीही बदलते. मागचे झाकण उघडले जाते. मालकाच्या लक्षात राहते ते पडद्यावरचे नवे रूप. इथेही तसेच निघाले. मदरबोर्डवर झाळलेल्या ४ गिगाबाइट रॅमच्या जोडीला ८ गिगाबाइटची नवी पट्टी त्याच दुपारी बसवली होती, दुसऱ्या एका दुकानात. तक्रार नोंदवताना मालकाने तिचा उल्लेखही केला नव्हता, कारण त्याच्या लेखी ती दुरुस्ती नव्हती, सुधारणा होती.

रॅमचा दोष दर वेळी दिसत नाही. लाखो खणांच्या कपाटातले दोन-चार खण ठेवलेली वस्तू विसरतात, इतकेच. तिथे फोटोचा तुकडा पडला तर चित्रावर एक रेघ उमटते आणि कुणाच्या ध्यानातही येत नाही. गाभ्याचा पत्ता पडला तर मशीन कोसळते. म्हणून कोड दर वेळी निराळा. हलकी चाचणी अशा खणांवरून नुसती फिरून जाते. मेमटेस्ट८६ हे साधन विंडोजच्या बाहेर, पेनड्राइव्हवरून चालते आणि वेगवेगळे नमुने लिहून-वाचून पाहते. त्याच्या मोफत आवृत्तीत चार फेऱ्या मिळतात आणि त्यांना कित्येक तास लागतात. रात्री लावलेल्या चाचणीत पहिल्या दोन फेऱ्या कोऱ्या गेल्या. तिसरीत लाल ओळी आल्या.

सकाळी थोरल्याने पट्टी काढली, तिच्या सोनेरी दातांवर खोडरबर फिरवले, फुंकर मारली आणि परत बसवली. हा दुकानी उपाय हसण्यासारखा नाही. दातांवर साचलेल्या थराने संपर्क तुटतो आणि कैकदा एवढ्याने भागतेही. फक्त एका वेळी एकच बदल करायचा आणि पुन्हा चाचणी लावायची, हा धाकट्याचा आग्रह इथे पाळला गेला. खोडरबरानंतरही त्याच पत्त्यांवर लाल ओळी आल्या. पट्टी काढून फक्त झाळलेल्या रॅमवर चारही फेऱ्या निर्दोष. संशय फिटला.

चाचणीचे साधन हाताशी नसेल, तर आणखी एक सोपी कसोटी आहे. उबुंटूसारखी लिनक्स पेनड्राइव्हवरून, डिस्कवर न टाकता, दोन-तीन तास चालवावी आणि तिच्यावर भरपूर काम टाकावे. तीही पडली, तर विंडोज आणि एसएसडी दोघांवरचा संशय बराच हलका होतो. ती पडली नाही, तर मात्र लगेच हार्डवेअरला निर्दोष ठरवू नये. मुळात लिनक्सच नव्याने टाकली असेल आणि तीच अडत असेल, तर तर्क हाच, नावे वेगळी : सुरुवातीच्या ग्रब यादीतून आधीचा केर्नल निवडून पाहावा, पडदा काळाच राहत असेल तर ‘नोमोडसेट’ हा पर्याय देऊन ग्राफिक्स ड्रायव्हर बाजूला ठेवावा आणि जर्नलमध्ये मागच्या वेळच्या सत्राच्या शेवटच्या ओळी वाचाव्यात. एनव्हिडियाचे ग्राफिक्स आणि सिक्युअर बूट यांची जोडी असली, की ड्रायव्हरच्या सहीवरून अडण्याचा प्रकार तिथे वरचेवर होतो.

धाकटा : झालं तर मग. पट्टी बदलून मिळेल, मशीन देऊन टाकू. फॉरमॅट लागलाच नाही.

थोरला : थांब. या पट्टीवर विंडोज टाकली होती ना आपण?

सदोष रॅम असताना टाकलेली सिस्टिम विश्वासाची नसते. डिस्कवर जाणारी प्रत्येक फाइल आधी रॅममधून जाते. जाताना एखाद्या फायलीत एक अंक बदलला असेल, तर तो आता एसएसडीवर कायमचा लिहिला गेला आहे. ‘एसएफसी’ आणि ‘डिझम’ या आज्ञा विंडोजच्या स्वतःच्या फायली तपासून दुरुस्त करतात. मालकाच्या फोटोंची किंवा हिशेबाच्या तक्त्यांची त्यांना काहीच माहिती नसते. त्या आठवड्यात जुन्या हार्ड डिस्कवरून एसएसडीवर आणलेल्या फायली पुन्हा मूळ डिस्कवरून, चांगल्या रॅमवर कॉपी करणे आणि सिस्टिम नव्याने टाकणे, हेच शहाणपणाचे.

वॉरंटीत बदलून आलेली पट्टी बसली. मेमटेस्टच्या चार फेऱ्या पुन्हा झाल्या, चारही स्वच्छ. त्यानंतर ड्रॉवरमधला पेनड्राइव्ह बाहेर निघाला आणि तिसरा फॉरमॅट शेवटी झालाच. बिलावर फॉरमॅट एकदाच लावला.